पंचविसाला एक

काकांच्या दुकानात मल्टिमीटर सात होते. त्यांपैकी दोन सुरूच होत नसत. पण ते टाकायचे नव्हते, कारण 'कधीतरी चालायचे'. तिसऱ्याच्या पडद्यावर मधली आडवी रेघ उमटत नसे, त्यामुळे आठ आणि शून्य यांत फरक करायचा तर माणसाला श्रद्धेची गरज पडे. चौथ्याला स्वतःच्या वायरी नव्हत्या. पाचव्याच्या वापरायच्या झाल्या तर पाचवा बंद ठेवावा लागे. म्हणजे तिसरा वगळला तर एका वेळी आकडा देऊ शकतील असे मीटर तीन. त्या तिघांना मी एकाच बॅटरीला लावून पाहिलं. तिघांनी तीन आकडे दिले.

वहीत मी लिहिलं: मीटर सात, आकडे तीन, बॅटरी एक.

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर चार महिन्यांत मला नोकरीबाबत सहा पत्रं आली होती. सहाही अतिशय सभ्य भाषेत लिहिलेली होती, म्हणून मी काकांच्या दुकानात बसत होते. दुकानात चार्जर, अँप्लिफायर, पॉवर सप्लाय दुरुस्त होत. काकांना माझ्या शिक्षणाचा फार अभिमान होता, गिऱ्हाइकांना ते आवर्जून सांगत, "ही आमची शास्त्रज्ञ. हिला अजून डाग द्यायला येत नाही." डाग म्हणजे सोल्डरिंग.

"काका, एक तरी धड मीटर घ्या," मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं.

"धड म्हणजे?"

"खरा आकडा दाखवणारा."

काकांनी आपला काळा मीटर उचलला. अकरा वर्षांचा. कोपरे झिजून गोल झालेले, बटणाभोवतीचे आकडे पुसलेले. पण काका बोटांनीच ओळखत. "हा काय खोटं बोलतो?"

"तुम्हीच तर म्हणता की हा कमी दाखवतो."

"कमी दाखवतो, पण रोज तेवढाच कमी. पंचविसाला एक मिळवायचा. चोवीस दाखवले की पंचवीस धरायचे."

"आणि चोविसाला किती मिळवायचे? चोविसाला पंचविसातला एक की पंचविसाला चोविसातला एक?"

"हे बघ," काका शांतपणे म्हणाले, "एवढा विचार केलास की कपॅसिटर जळतो."

दुकानात दुसरे कारागीर होते, त्यांना सगळे 'सावकाश' म्हणत, कारण ते प्रत्येक वाक्याची सुरुवात त्या शब्दानं करत आणि प्रत्येक कामाचा शेवटही तसाच. त्यांचा मीटर पिवळा. तो जास्त दाखवी. "सावकाश, मॅडम. पिवळ्यातून तिसावा भाग काढायचा. मग बरोबर येतं."

"बरोबर येतं हे कशावरून ठरवलंत?"

"मालकांच्या काळ्याशी ताडून."

"आणि काका, तुमचं पंचविसाला एक कशावरून?"

काकांनी काळा मीटर पुसला. "तेव्हा सावकाशच्या पिवळ्याशी ताडलं होतं."

दोघांनी एकमेकांकडे समाधानानं पाहिलं. अकरा वर्षं दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती आणि कोणाचेच पाय जमिनीला टेकले नव्हते. मी हे वाक्य वहीत लिहिलं. मला ते फार आवडलं.

मग मी स्वतःच्या खर्चानं एक छोटी सर्किटची पाटी मागवली. नखाएवढी चिप, बरोबर दहा व्होल्ट देणारी, फरक पडला तर तिसऱ्या दशांश स्थळी. ती लावल्यावर काळ्यानं ९.६० दाखवले. पंचविसाला एक मिळवला तर ९.९८. पिवळ्यानं १०.३५ दाखवले, तिसावा भाग काढला तर १०.०१ येतात. म्हणजे अंधारात चाचपडत दोघेही दरवाजापर्यंत पोचले होते. हे मी वहीत लिहिलं नाही. त्यानं अहवाल कमजोर झाला असता.

अहवाल अशासाठी, की काकांनी मला रीतसर काम दिलं होतं: "नवा मीटर घ्यायचा तर का घ्यायचा आणि कुठला घ्यायचा, ते मला पटवून दे. पटलं तर घेऊ."

त्याच आठवड्यात दुकानोदुकानी माल दाखवत फिरणारा एक विक्रेता आला. त्यानं बॅगेतून एक चकचकीत लाल मीटर काढला.

"हा बघा. व्होल्ट, अँपिअर, ओहम, तापमान, आवाजाची पातळी, वर टॉर्च."

"टॉर्च कशाला?"

"अंधारात आकडा दिसायला."

"आकडा बरोबर असतो का?"

"मॅडम, आकडा मोठा असतो."

"मागचं झाकण उघडा."

"आजवर असं कोणी मागितलं नाही," तो म्हणाला. पण सावकाशनी तोवर स्क्रू काढलेही होते, या एकाच कामात ते घाई करतात. आत काचेचा फ्यूज होता, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. शेजारी पाटीवर मोठ्या फ्यूजसाठी जागा आखलेली होती. जागा होती, भाडेकरू नव्हता.

"बाहेर तर 'हजार व्होल्ट' छापलंय, आणि काचेचा फ्यूज तेवढ्याला फुटतो," मी म्हणाले.

"छापायला काय, जागा होती."

काकांना इतका आनंद मी आल्यापासून झाला नव्हता. "बघ! हे तुझे नवे मीटर. माझ्या काळ्याला आणि कोणी हात लावायचा नाही."

मी लावला. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, दुकान आवरायला म्हणून किल्ली घेऊन गेले, काळ्याचं झाकण उघडलं, आत एक बारीक फिरता स्क्रू सापडला. दहा व्होल्टची पाटी लावून तो केसभर, मग आणखी केसभर फिरवला. ९.६०, ९.८२, १०.००. झाकण लावलं. अकरा वर्षांचं असत्य मी चाळीस मिनिटांत संपवलं होतं.

काकांना सांगणार होते, अर्थातच. योग्य वेळी. योग्य वेळ म्हणजे काका काहीतरी चुकतील, त्यांना काही सुचणार नाही, आणि मी शांतपणे वही उघडेन, ती.

दुसऱ्या दिवशी मी सातव्या नोकरीच्या मुलाखतीला गेले. त्याच दिवशी दुकानात आत्याचा चार्जर आला.

आत्या म्हणजे काकांची थोरली बहीण. ती विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीतून कचेरीत जाते. नोंदणीच्या खिडकीत तिची सव्वीस वर्षं झाली. ती खुर्ची, तिच्या बॅटऱ्या आणि चार्जर काकांनीच जुळवलेले. तीन महिन्यांपूर्वी कचेरी नव्या इमारतीत गेली, घरापासून दोन पूर्णांक नऊ किलोमीटर, शेवटी चढ. नव्या साहेबांना आत्याची फारच काळजी. इतकी की त्यांनी एक कागद तयार करून ठेवला होता: आत्यानं घरी बसून काम करावं, अर्ध्या पगारावर, 'तिच्याच सोयीसाठी'.

"माझ्या सोयीची यांना एवढी ओढ," आत्या म्हणायची, "की माझी खिडकी कोणाला द्यायची तेसुद्धा ठरलंय."

त्यामुळे चार्जर जळाला तेव्हा काकांनी बाकीचं सगळं बाजूला सारलं. जळलेला भाग बदलला आणि शेवटी चार्जरचा व्होल्टेज बसवला. बॅटरी पूर्ण भरायची तर अठ्ठावीस पूर्णांक आठ लागतात. काकांनी ते मला कितीदा तरी सांगितलं होतं.

मी मंगळवारी परत आले. (सातवं पत्र नंतर आलं. तेही सभ्य होतं.) तीन दिवस मी काकांना काळ्या मीटरवर आकडा बघताना, ओठ हलवून त्यात पंचविसाला एक मिळवताना आणि बरोबर असलेला सप्लाय खाली आणताना पाहिलं.

"आजकाल सगळंच जरा वर बोलतंय," काका म्हणाले.

"सावकाश, मालक. लाइनच जास्त असेल."

मला हसू आवरेना. नऊ व्होल्टचा रेडिओ आठ पूर्णांक सहावर चालला तर कोणाचं काय बिघडतं? कोणाचंच नाही. मी ते वहीत लिहिलंसुद्धा.

शुक्रवारी सकाळी नऊला आत्याचा फोन आला. "छोट्या, खुर्ची बसली. चढाच्या अर्ध्यावर आहे. घाई नाही, साहेबांच्या घड्याळात अजून अर्धा तास आहे."

छोट्या अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. ते काळा मीटर उचलून धावत सुटले, मागून मी.

आत्या रस्त्याच्या कडेला वर्तमानपत्र वाचत बसली होती. "या. चार पानं झाली. पाचवं नोकरीविषयक आहे, ते हिच्यासाठी ठेवलंय."

काकांनी बॅटरीला मीटर लावला. तेवीस पूर्णांक दोन. ओठ हललेले मला दिसले. "चोवीस एक," ते पुटपुटले. "तरी कमीच. ताई, रात्री चार्जिंगला लावली होतीस?"

"रोज लावते. सकाळी हिरवा दिवा असतो. पण गेले चार दिवस रोज थोडी लवकर दमते. मला वाटलं, मीच जाड झाले."

उरलेलं अंतर काकांनी खुर्ची ढकलत नेली. चढावर त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी मदत करू लागले तर म्हणाले, "तू बाजूला हो. तू मोजत राहा." ते टोमणा मारत नव्हते, दम लागल्यावर माणूस सरळ बोलतो.

नऊ एकोणतीसला आत्या खिडकीत पोचली. साहेब दारातच होते.

"अरेरे," ते म्हणाले. "मला हीच भीती होती. रोज कोण ढकलणार हो?"

"आज पहिल्यांदाच झालंय," आत्या म्हणाली.

"म्हणूनच म्हणतो, सवय नको. असं करू. सोमवारी मी स्वतः बघतो. घरून इथं, संध्याकाळी इथून घरी. कोणी हात लावायचा नाही. जमलं तर हा विषय बंद. नाही जमलं तर तो कागद आहेच, तुमच्याच सोयीसाठी."

दुकानात परत आल्यावर काका स्टुलावर बसून म्हणाले, "बॅटऱ्याच गेल्या. नव्या यायला तीन आठवडे. तोवर ताई घरी बसणार, आणि एकदा बसली की बसली."

"चार्जर तपासला का?" मी विचारलं.

"मी स्वतः लावलाय. अठ्ठावीस आठ."

"मीटरवर काय दिसत होतं?"

"सत्तावीस सात. म्हणजे अठ्ठावीस आठ. तुला काय नव्यानं सांगायला पाहिजे?"

योग्य वेळ आली होती. वही समोरच होती. मी ती उघडली नाही.

"काका," मी म्हणाले, "सत्तावीस सात म्हणजे सत्तावीस सातच होते."

"कसं काय?"

"मी मीटर नीट केलाय. गेल्या सुट्टीला. तो आता खरं दाखवतो."

सावकाशच्या हातातली सोल्डरिंग गन तशीच राहिली. ते एवढंच म्हणाले, "सावकाश..."

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मीटरकडे बघत म्हणाले, "अकरा वर्षं तो एकच खोटं बोलत होता. मला पाठ होतं. तू त्याला खरं बोलायला शिकवलंस आणि मला सांगायला विसरलीस."

"विसरले नाही," मी म्हणाले. हे एकच वाक्य मी त्या आठवड्यात पूर्ण अचूक बोलले असेन. "तुम्ही चुकायची वाट बघत होते."

"मग? चुकलो का मनासारखा?"

मी दहा व्होल्टची पाटी काढली. निदान मीटर तरी बरोबर आहे हे दाखवावं म्हणून काळ्याला लावली. ९.८७. झाकणावर टिचकी मारली. ९.९४. पुन्हा मारली. ९.७९. तो जुना स्क्रू अकरा वर्षं एका जागी गंजून घट्ट बसला होता. मी हलवल्यापासून त्याला कुठेच थारा नव्हता.

पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत पहिला तास याच विषयावर असतो. अचूक असणं वेगळं आणि दर वेळी तेच सांगणं वेगळं. दुसरं असेल तर पहिलं जमवता येतं; दुसरंच नसेल तर काही करता येत नाही. त्या पेपरात मला शंभरपैकी एक्याण्णव होते. दुकानातल्या सातांमधला सर्वांत भरवशाचा मीटर मी हुडकून काढला होता, आणि मोडला होता.

संध्याकाळी आत्या कुणाच्या तरी टेंपोतून खुर्चीसकट दुकानात आली. तिला सगळं सांगितलं. तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"एकजण मनात आकडे मिळवतो, दुसरी मनात आकडे लपवते. माझी खुर्ची तुमच्या मनावर चालते होय रे? मला असा मीटर आणा, ज्याच्यावर दिसतं तेच असतं. उद्याच."

"ताई, अजून हिचा अहवाल..."

"छोट्या, अहवाल मी आज चढावर वाचला."

शनिवारी काका आणि मी उपकरणांच्या मोठ्या दुकानात गेलो. मी दहा व्होल्टची पाटी नेली होती, काकांनी आपलं बोट. काउंटरवर आठ मीटर मांडले गेले. तीन टॉर्चवाले, ते काकांनीच परत केले. दोघांचा फ्यूज काचेचा निघाला, ते मी परत केले. उरलेले तीन आम्ही प्रत्येकी तीनदा लावले. वायरी काढून पुन्हा घातल्या, बटण दोन्ही बाजूंनी फिरवून आणलं आणि दर वेळी काकांनी झाकणावर टिचकी मारली. दुकानदार म्हणाला, "अहो, मीटर बघताय की कलिंगड?"

एक टिचकीबरोबर ०.०३ सरकला. एकाच्या वायरी दोनदा वाकवल्यावर आकडा गेला, मग आला. तिसरा राखाडी, जाडजूड, रबरी कवचाचा. त्याचा फ्यूज करंगळीच्या पेराएवढा, पांढऱ्या चिनी मातीचा. त्याला तापमान मोजता येत नव्हतं, आवाज मोजता येत नव्हता, आणि त्याच्या डोक्यावर दिवा नव्हता. १०.००. टिचकी. १०.००. वायरी उलटसुलट. १०.००.

"हा कोणी घेत नाही," दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाला. "दिसायला फारच साधा आहे."

काकांनी पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "दहा. म्हणजे दहा चाळीस."

"काका."

"दहा," काका म्हणाले. तो शब्द त्यांनी कडू गोळीसारखा गिळला.

दुपारी त्यांनी आत्याचा चार्जर पुन्हा उघडला. नवा मीटर मी धरला होता, स्क्रू त्यांच्या हातात, आत्या समोर बसलेली. सत्तावीस सात. अठ्ठावीस. अठ्ठावीस चार.

"छोट्या, ओठ हलतायत."

"सवय आहे, ताई."

"सवय बंद. दिसतं ते मोठ्यानं म्हण."

"अठ्ठावीस सहा," काका मोठ्यानं म्हणाले. "सात. अठ्ठावीस आठ." स्क्रू पुन्हा हलू नये म्हणून त्यावर त्यांनी लाखेचा थेंब सोडला. मग राखाडी मीटर माझ्या हातून काढून घेत म्हणाले, "रोज सकाळी दुकान उघडल्यावर तुझ्या त्या पाटीला लावायचा. आकडा भिंतीवर लिहायचा. सगळ्यांनी वाचायचा. आणि झाकण उघडायचं झालं तर?"

"आधी सांगायचं."

"कोणाला?"

"सगळ्यांना."

"मोठ्यानं," आत्या म्हणाली.

आठवडाभर अर्धपोटी राहिलेल्या बॅटऱ्या एका रात्रीत सावरत नाहीत. चार्जिंग शनिवारी रात्रभर आणि रविवारी दिवसभर चाललं. रविवारी काका चार वेळा आत्याच्या घरी जाऊन आले, चौथ्या वेळी तिनं दार उघडलं नाही, आतूनच ओरडली, "हिरवा आहे! जा!" सावकाशनी सुट्टीच्या दिवशी येऊन खुर्चीच्या चाकांना वंगण दिलं आणि कोणी विचारलं नसताना सांगितलं की ते फक्त इकडून जात होते.

सोमवारी साहेब खरोखरच आले, स्कूटरवरून. हेल्मेटच्या आत त्यांचा चेहरा काळजीनं भरलेला असावा. आम्हाला मागे थांबायची आज्ञा होती, म्हणून काका आणि मी घराच्या फाटकाशी उभे राहून खुर्ची वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिलो. काकांनी खिशातून हात बाहेर काढले नाहीत. मी घड्याळ पाहिलं: आठ त्रेपन्न. नऊ बावीसला आत्याचा फोन आला. "खिडकीत आहे. साहेबांची स्कूटर चढावर बंद पडली होती, त्यांना मी थांबू का विचारलं. नको म्हणाले." आणि फोन ठेवला.

दिवसभर काकांनी एकही काम पुरं केलं नाही. भिंतीवर सकाळचा आकडा लिहिलेला होता, तो त्यांनी पाच-सहा वेळा वाचला. सावकाशसुद्धा दोनदा घाईनं बोलले.

साडेपाचला आम्ही पुन्हा फाटकाशी. पाच चाळीस झाले. पाच पन्नास. काका म्हणाले, "आता चढ नाही, उतार आहे," आणि मग, "पण बॅटरी दिवसभर वापरलेली आहे," आणि मग, "गप्प बस," मी काहीच बोलले नव्हते. पाच छप्पन्नला वळणावर खुर्ची दिसली. मागे कोणी नव्हतं. साहेब ना पायी, ना स्कूटरवर. आत्याच्या मांडीवर चौकोनी घडी घातलेला साहेबांचा तो कागद होता, आडवा फाडलेला.

काकांना लगेच मीटर लावायचा होता. मी त्यांचा हात धरला; चालून आलेल्या बॅटरीला वीस मिनिटं स्वस्थ राहू द्यावं लागतं, आणि मग चोवीस पूर्णांक चारच्या वर दिसलं तर बॅटरी धड. आम्ही तिघं वीस मिनिटं अंगणात बसून राहिलो. आत्यानं चहा मागितला, तो मी केला, तो सगळ्यांनी गार होऊ दिला. मग काकांनी लाल वायर लावली, काळी लावली, आणि पडद्यावरचा आकडा मोठ्यानं वाचला.

चोवीस पूर्णांक नऊ तीन.